मोडी लिपी ते लिनक्सचा पडदा : बसलेला हात आणि बदललेली जागा

१/२५
९ डिसेंबर २०२३ रोजी दादर स्थानकातील मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले; मध्य रेल्वेच्या फलाटांना त्यांच्या पुढचे, म्हणजे ८ ते १४, असे आकडे मिळाले. रूळ तेच, जिने तेच, गाड्याही त्याच. तरीही मीरा रोड किंवा भाईंदरहून येऊन दादरला गाडी बदलणाऱ्या नेहमीच्या प्रवाशाची पावले काही दिवस पाटीपाशी अडखळली असतील, तर नवल नाही.

२/२५
या निर्णयामागे तर्क होता. एकाच स्थानकात 'फलाट क्रमांक एक' दोन असणे नवख्या माणसाला गोंधळात टाकणारे होते. नवख्याची सोय झाली. जुन्याजाणत्याला मात्र पुन्हा शिकावे लागले. आजचा धागा अशाच एका बदलाचा आहे. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सच्या पडद्याची मांडणी मुळापासून बदलली. त्याची झळ कोणाला लागली आणि तीवर उपाय कोणी शोधला, हे पाहू. पण आधी शंभर वर्षे मागे जाऊ.

३/२५
२५ जुलै १९१७. मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभाराची मुख्य लिपी म्हणून मोडीऐवजी बालबोध स्वीकारण्याचा निर्णय घेतला. कारण सोयीचे आणि एकसारखेपणाचे होते. मोडी ही लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिण्याची लिपी; बालबोध ही पोथीची आणि छापखान्याची. ज्या कारकुनांचा हात मोडीवर बसला होता, त्यांच्यासाठी हा केवळ अक्षरांचा बदल नव्हता. आयुष्यभर कमावलेल्या वेगाचे मोल एकाएकी उतरले होते.

४/२५
मोडी एका रात्रीत नाहीशी झाली नाही. शाळांतून ती पुढे काही दशके शिकवली जात होती. मग तीही सोय संपली आणि वाचणारे विरळ झाले. त्याची किंमत आजही मोजावी लागते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जुन्या दप्तरांतील कागद वाचण्यासाठी मोडी जाणकारांची शोधाशोध करावी लागली. कागद दप्तरात सुखरूप होते. ते वाचणारी माणसे कमी झाली होती.

५/२५
दुसरा टप्पा टंकलेखनाचा. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. कचेऱ्यांतून, कोर्टाच्या आवारांतून आणि गल्लीतल्या टायपिंग क्लासमधून मराठी कळफलकावर हजारो हात बसले. 'हात बसणे' हा आपला वाक्प्रचार मोठा नेमका आहे. मनाने विचार करण्याआधीच बोट योग्य जागी पोहोचते, अशी ती अवस्था असते. त्यासाठी महिन्यांचा सराव लागतो आणि ती मोडायला कळांची एक अदलाबदल पुरते.

६/२५
संगणक आला तेव्हा भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात 'इनस्क्रिप्ट' हा समान कळफलक सिद्ध झाला. व्यंजने उजवीकडे, स्वर आणि मात्रा डावीकडे, अशी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. पण टाइपरायटरवर बसलेल्या हातांना ती परकी होती. म्हणून संगणकावर इनस्क्रिप्टबरोबर जुना 'रेमिंग्टन' कळफलकही राहिला. नवी व्यवस्था आणायची, पण जुनी हिसकावून घ्यायची नाही, हा शहाणपणा या ठिकाणी दिसला.

७/२५
एप्रिल २०११ च्या अखेरीस जगभरच्या वृत्तपत्रांत मुंबईची एक बातमी झळकली : गोदरेजचे टाइपरायटर बंद. त्यांना 'जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना' असेही म्हटले गेले. ते अचूक नव्हते, कारण इतरत्र उत्पादन चालू होते. गोदरेजने मात्र २००९ मध्येच निर्मिती थांबवली होती. योगायोग असा की, त्याच महिन्यात लिनक्स वापरणाऱ्यांच्याही हाताखालची जुनी मांडणी बदलली.

८/२५
येथे थोडी तांत्रिक पार्श्वभूमी. लिनक्स हा मुळात संगणकाचा गाभा आहे. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याला पडद्यावर दिसतात त्या चौकटी, मेनू, घड्याळ आणि बटणे हा गाभ्याचा भाग नसतो. ते वेगळे आवरण असते. त्यालाच 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. गाभा तसाच ठेवून आवरण बदलता येते. एकाच संगणकावर दोन आवरणेही नांदू शकतात. पुढची सगळी कथा या एका गुणावर उभी आहे.

९/२५
अशा आवरणांपैकी दोन प्रमुख. केडीईची घोषणा ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीच्या मथियास एट्रिशने केली. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोमची मुहूर्तमेढ रोवली. पडदा म्हणजे टेबल, त्यावर कागद, फायली आणि कचऱ्याची टोपली, ही कल्पना मात्र या दोघांच्याही आधीची. १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकाने ती बाजारात आणली होती. १९९५ च्या विंडोजने तीत 'स्टार्ट' बटणाची भर घातली.

१०/२५
२६ जून २००२ रोजी ग्नोमची २.० ही आवृत्ती निघाली. याच वर्षी २८ फेब्रुवारीला मीरा-भाईंदर नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती. ग्नोम २ च्या परिचित रूपात एक पट्टी वर आणि एक खाली होती. वरच्या पट्टीवर अनुप्रयोग, ठिकाणे आणि प्रणाली हे तीन मेनू. खालच्या पट्टीवर उघड्या खिडक्यांची यादी. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येई, पण हा सांगाडा सुमारे नऊ वर्षे टिकला. एवढ्या काळात हात पुरता बसतो.

११/२५
याच काळात हा पडदा मराठी झाला. मुंबईत 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी गटाने भारतीय भाषांसाठी काम उभे केले. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेने, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, 'इंडिक्स' प्रकल्पातून लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून परिश्रम घेतले. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' टंक मुक्त परवान्याखाली खुले केले आणि तिच्या पुण्यातील कार्यालयातून भाषांतराची कामे चालली. जोडाक्षरे न तुटता मराठी मेनू दिसू लागले, त्यामागे हे कष्ट होते.

१२/२५
पाठोपाठ शिकवण्याची साधनेही आली. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने पडद्यावरची प्रत्येक कृती दाखवणारे छोटे ध्वनिचित्रपाठ केले आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. उबुंटूच्या डेस्कटॉपची ओळख करून देणारा त्यांचा एक पाठ उबुंटू १०.१० वर, म्हणजे ग्नोम २ वर, बेतलेला होता. वर डावीकडे 'ॲप्लिकेशन्स' मेनू उघडा, त्यात 'ॲक्सेसरीज' शोधा, कॅल्क्युलेटर निवडा, अशी पावले त्यात होती. थोड्याच काळात यांतली पहिलीच पायरी पडद्यावरून नाहीशी झाली.

१३/२५
२०११ च्या एप्रिलच्या आरंभी बंगळुरूला 'ग्नोम एशिया' संमेलन भरले. त्यानंतर काही दिवसांतच, ६ एप्रिलला, ग्नोम ३.० प्रसिद्ध झाले. खालची पट्टी गेली. तीन मेनू गेले. त्यांच्या जागी वर डावीकडे 'ॲक्टिव्हिटीज' हा एक शब्द उरला. तेथे माऊस नेला की सगळ्या खिडक्या आक्रसून समोर मांडल्या जात. हवे ते साधन शोधायचे तर नाव टंकायचे. खिडकी खाली दडवण्याचे 'मिनिमाइझ' बटणही दिसेनासे झाले, कारण तिला ठेवायला खाली पट्टीच नव्हती.

१४/२५
सर्वांत चमत्कारिक बदल संगणक बंद करण्याचा. मेनूत 'सस्पेंड' असे. म्हणजे काम स्मृतीत ठेवून यंत्राला झोपवायचे. पूर्ण बंद करायचे असेल, तर तो मेनू उघडून अल्ट कळ दाबून ठेवायची; मग त्याच ओळीत 'पॉवर ऑफ' उमटे. हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. झाकण मिटले की झोपणाऱ्या लॅपटॉपच्या दृष्टीने हा विचार ठीक होता.

१५/२५
महाराष्ट्रात मात्र ते भारनियमनाचे दिवस होते. कचेरीतल्या किंवा शाळेतल्या टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. 'सस्पेंड' केलेल्या यंत्राची वीज गेली, किंवा घरी निघताना कोणी भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले, की स्मृतीतले न जतन केलेले काम गेलेच. आपल्याकडे संध्याकाळी 'सगळी बटणे बंद करून जा' अशी शिस्त असते. रचनाकारांच्या डोळ्यांसमोरच्या कार्यालयात बहुधा ती नसावी. पुढे २०१२ च्या ३.६ आवृत्तीत 'पॉवर ऑफ' पुन्हा उघडपणे मेनूत आले.

१६/२५
दुसरी अडचण यंत्रांची. नव्या ग्नोम शेलला त्रिमितीय चित्रण करणारे ग्राफिक्स लागत. ते नसल्यास 'फॉलबॅक' हे साधे रूप मिळे. मार्च २०१३ च्या ३.८ आवृत्तीत तेही काढून टाकण्यात आले. लिनक्सची आपल्याकडची मोठी कीर्ती 'जुन्या संगणकावरही धावते' अशी होती. शाळांनी आणि छोट्या कार्यालयांनी ज्या कारणासाठी ते घेतले, त्या कारणालाच धक्का बसला. सॉफ्टवेअरनेच हे चित्रण करून घेण्याची सोय २०१२ पासून हळूहळू रुळली, पण जुन्या यंत्रांवर ती संथ चाले.

१७/२५
रचनाकारांची बाजूही ऐकली पाहिजे. ग्नोम २ च्या आतील सामग्री जुनी झाली होती आणि ती सांभाळणे कठीण होते. पडदे रुंद झाले होते. छोटे नेटबुक आणि स्पर्शपडदे येत होते. सतत डोकावणाऱ्या सूचनांनी लक्ष विचलित होई, ते टाळायचे होते. पडद्याचा कोपरा हे माऊसला गाठायला सर्वांत सोपे ठिकाण, कारण तेथे बाण आपोआप अडतो. म्हणून 'ॲक्टिव्हिटीज' कोपऱ्यात ठेवले. यांतला एकही विचार उथळ नव्हता.

१८/२५
उबुंटूने तर आणखी वेगळी वाट धरली. २८ एप्रिल २०११ च्या ११.०४ आवृत्तीत डाव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी असलेले 'युनिटी' हे स्वतःचे आवरण आले. त्याआधी वर्षभर खिडकीची बटणे उजवीकडून डावीकडे हलवलेली होतीच. जे दीर्घकालीन आवृत्तीच वापरत, ते २०१० च्या १०.०४ वरून २०१२ च्या १२.०४ वर गेले, तेव्हा दोन वर्षांचे सर्व बदल त्यांच्यावर एका दिवशी कोसळले. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या रोज एकेक हलवणे वेगळे आणि एका सकाळी सगळे स्वयंपाकघरच फिरवणे वेगळे.

१९/२५
तक्रार करणाऱ्यांत खुद्द टॉरवाल्ड्सही होता. २००९ मध्ये तो केडीई ४ ला कंटाळून ग्नोमकडे आला होता; २०११ मध्ये ग्नोम ३ वर जाहीर टीका करून एक्सएफसीई या साध्या आवरणाकडे गेला. पुढे विस्तारके जोडून ग्नोम ३ आपल्या सवयीला जुळवता येऊ लागले, तेव्हा तो परतला. यावरून एक गोष्ट उमगते. नव्या मांडणीत अडखळणे हे अज्ञानाचे लक्षण मानता येत नाही. लिनक्सच्या जनकाचाही हात जुन्या जागी बसलेला होता.

२०/२५
उपाय मात्र तक्रारीपुरता थांबला नाही. अर्जेंटिनातील 'पर्बेरोस' या टोपणनावाच्या एका वापरकर्त्याने २०११ मध्येच ग्नोम २ चा सगळा मजकूर घेतला, ग्नोम ३ शी टक्कर होऊ नये म्हणून आतील नावे बदलली आणि जुना पडदा जिवंत ठेवला. दक्षिण अमेरिकेतील पेयावरून त्याला 'माते' हे नाव दिले; मराठी कानाला ती आईला घातलेली हाकच वाटावी. लिनक्स मिंटने 'सिनॅमन' घडवले : आतून ग्नोम ३ चे तंत्र, बाहेरून परिचित पट्टी आणि मेनू.

२१/२५
विंडोजशी तुलना करा. ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले. लोक रागावले, पण कंपनीने मनावर घेईपर्यंत थांबणे एवढेच त्यांच्या हाती होते. वर्षाने ८.१ मध्ये ते बटण परतले. ग्नोमच्या वापरकर्त्यांना कोणाची वाट पाहावी लागली नाही, कारण मजकूर मुक्त होता आणि तो पुढे चालवण्याचा हक्क परवान्यानेच दिला होता. जुन्या रूपाची मागणी करणे आणि ते स्वतः जतन करू शकणे, यांत हाच फरक आहे.

२२/२५
तरी हा हक्क सर्वांना सारखा पोहोचला नाही. मराठीतून शिकलेल्या माणसाजवळ पाठ होते ते जुन्या पडद्याचे. नव्या मेनूंचे शब्द पुन्हा भाषांतरित करावे लागले. मराठी टंकण्याची कळही हलली : आयबस या साधनात कंट्रोल-स्पेसने भाषा बदलत असे, २०१२-१३ च्या सुमारास ग्नोममध्ये ते काम सुपर-स्पेसकडे गेले. इंग्रजीतून शोध घेणाऱ्याला उत्तर मिनिटात सापडे. मराठी वाचकाच्या हातात आधीच्या आवृत्तीची चित्रे असलेली टिपणवही उरे.

२३/२५
मग 'सहज कळणारी' मांडणी कोणती? रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या लॅपटॉपवर 'शुगर' नावाचे लिनक्सचे आवरण होते. त्यात फायली-फोल्डरांऐवजी मुलाने काय काय केले त्याची रोजनिशी असे आणि एका वेळी एकच कृती सगळा पडदा व्यापे. ज्याने टेबल-फायलींचा पडदा कधी पाहिलेलाच नाही, त्याला यात काही मोडल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते. सोपे काय आणि अवघड काय, हे आधीच्या सवयीवर पुष्कळसे अवलंबून असते.

२४/२५
उबुंटूने हा धडा घेतलेला दिसतो. एप्रिल २०१७ मध्ये युनिटी सोडण्याची घोषणा झाली, ऑक्टोबरच्या १७.१० मध्ये ग्नोम परतले, पण डाव्या कडेची पट्टी जागच्या जागी ठेवून. मार्च २०२१ च्या ग्नोम ४० ने मांडणी पुन्हा हलवली, तरी उबुंटूची पट्टी डावीकडेच राहिली. आता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आहे. विंडोज ११ न पेलणारे संगणक मीरा-भाईंदरसारख्या शहरात सोसायटीच्या कार्यालयांत, शिकवण्यांत, हिशेबनिसांच्या टेबलांवर आहेत. त्यांपैकी जे लिनक्सकडे वळतील, त्यांच्यापुढे हाच प्रश्न येईल.

२५/२५
त्यांच्यासाठी इतिहासातून निघणारे शहाणपण थोडक्यात : आधीच्या सवयीला जवळचे आवरण निवडावे; विंडोजवरून येणाऱ्यास सिनॅमन, जुन्या ग्नोमच्या सवयीच्या माणसास माते. दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी. कचेरीत बदल करताना जुने आणि नवे आवरण काही महिने शेजारी शेजारी ठेवावे. आत शिरतानाच ते निवडता येते. आणि जो कोणी हे बसवून देईल, त्याने मराठीत एक पानाचे टिपण मागे ठेवावे. मोडीच्या बाबतीत शाळेतला शेवटचा तास संपला तेव्हा कोणाला फारसे काही हरवल्यासारखे वाटले नसेल. उणीव कळली ती दप्तरे उघडल्यावर. तुमच्या कचेरीत किंवा घरात असा बदल झाला असेल, तर पहिल्या आठवड्यात नेमके काय सापडेनासे झाले, ते खाली जरूर लिहा. पुढच्याला त्याचा उपयोग होईल.